तिघी असल्याशिवाय निघायचं नाही

ऊसतोड पुन्हा सुरू झाली. डांबरी रस्त्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, कचरा दिसू लागला. जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यांदा गाणी लावून कारखान्याकडे जाऊ लागले. काल सकाळी दाराबाहेर आले तर समोरच्या रानातला ऊस गेलेला. वर्षभर जिथं हिरवी भिंत होती तिथून थेट पश्चिमेचे, पार मढच्या बाजूचे डोंगर दिसले. घराला कोणीतरी नवी खिडकी पाडावी तसं.

या दिवसांत कोणाला हुरडा आठवतो, कोणाला उसाचा रस. मला वाघ आठवतो. बिबट्याला बिबट्या म्हणणारे लोक वनखात्यात आणि पेपरात. आमच्याकडे, आळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर, तो वाघच. ऊस हे त्याचं घर. तिथं तो राहतो, पिल्लं घालतो, कुत्री पळवतो. ऊस तुटला की तो उघड्यावर येतो आणि माणसं घरात जातात. ज्यांच्या घरातलं माणूस त्यानं नेलंय त्यांच्यासमोर मी हे कधी बोलणार नाही, पण दोन हंगामांपूर्वी त्याच्या भीतीनं माझं भलं झालं. खरं ते लिहायला हवं.

आधी माझ्या सुरुवातींबद्दल सांगते, कारण सुरुवाती माझ्या फार देखण्या असतात. योगासनं सुरू केली तेव्हा आधी जांभळी चटई आणली. ती आता गच्चीवर कुरडया वाळवायला वापरतो. व्यायामाची सायकल आणली, तिच्यावर ह्यांचे टॉवेल वाळतात. दुधीचा रस झाला, मध-लिंबू झालं, भिजवलेल्या मेथ्या झाल्या. एकदा तर रात्रीचं जेवणच बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून फरसाणाचा डबा रिकामा केला. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "हिच्या गुऱ्हाळाचं चुलवण पेटतं झकास, पण गूळ काय उतरत न्हाई." त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, आणि त्या खरं बोलत होत्या.

बरं, मला आळशी म्हणावं तर तसंही नाही. आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू, कोबी, सगळी ट्रेमधली रोपं. शेडनेटमध्ये पाऊल टाकलं की हजारो रोपांत पिवळं पडायला लागलेलं एक रोप मला दारातून दिसतं. बी टोकायला बसले की भूक, तहान, फोन, काही कळत नाही. दुपार उलटून जाते तेव्हा हात कापायला लागतात, मग समोर दिसेल ते खाते. भेळ दिसली तर भेळ, वडापाव दिसला तर दोन. तेच डोकं सकाळी घराचं कुलूप लावताना किल्ली फ्रीजमध्ये ठेवतं.

या डोक्याला नाव आहे हे मला मुलीमुळे कळलं. ऋतुजा पुण्यात शिकत होती. हुशार पोरगी, पण अभ्यासाला बसली की उठायची आणि उठली की रडायची. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. बाईंनी विचारलं, "लहानपणीही ही अशीच होती का?"

मी म्हणाले, "अशी म्हणजे कशी? मुलं अशीच असतात. मीही अशीच होते. अजूनही आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारी हे बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, तपासायचंच असेल तर आधी हिला तपासा. पोरगी त्या मानानं बरी आहे."

ऋतुजा खूप दिवसांनी हसली. आम्हा दोघींना एडीएचडी निघालं. म्हणजे काय, तर लक्ष भरपूर आहे, पण ते कुठं जाऊन बसेल याचा कारभार आपल्या हातात पुरता नाही. मला रडू वगैरे आलं नाही. मी बाईंना विचारलं, "मग आता करायचं काय?" त्यांनी गोळी दिली. ती मी घेते, फायदा होतो. पण गोळी काही अंथरुणातून उठवून, चपला घालून, माणसाला कालव्यापर्यंत नेऊन सोडत नाही.

आणि नेमकं तेच करायचं होतं. कारण त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या फाट्यावरच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, "ताई, साखर हद्दीवर येऊन उभी आहे. चाला, वेळेवर जेवा. उन्हाळा लागला की पुन्हा तपासू. तोपर्यंत खाली आली नाही तर औषध चालू." औषधाचं मला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते डोळ्यांचं. माझं माहेर घोडेगावकडचं. माझ्या आईचे डोळे साखरेनंच नेले. शेवटी शेवटी ती मला हातावरच्या बांगड्यांवरून ओळखायची. माझं तर सगळं पोटच डोळ्यांवर चालतं. पिवळं पडणारं रोप ज्या दिवशी दारातून दिसायचं थांबेल, त्या दिवशी मी करायचं काय?

हे सगळं पटलेलं होतं. पटणं मला कधीच अवघड गेलं नाही. पटल्यावर तीन दिवस मी एकटी चालले, चौथ्या दिवशी रोपांची गाडी आली, पाचव्या दिवशी विसरले, आणि सहाव्या दिवशी आठवलं तेव्हा स्वतःचा इतका राग आला की सातव्या दिवशीही गेले नाही.

मग ऊसतोड सुरू झाली. शेजारच्या वस्तीवर गोठ्यातून वासरू गेलं. वनखात्याचा माणूस गावात येऊन सांगून गेला की एकट्यानं फिरू नका, अंधारात तर नाहीच, हातात काठी ठेवा आणि चालताना मोठ्यानं बोलत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलआत्या दारात. आत्या म्हणजे ह्यांच्या चुलत आत्या, शेजारीच राहतात. गुडघ्यांसाठी रोज चालायच्या. त्यांच्याबरोबर बीपी असलेल्या संगीताभाभी असायच्या. भाभींचं बाजारात किराणा दुकान आहे. मूळचे राजस्थानचे जैन लोक, पण आता घरात भांडणंसुद्धा मराठीतच करतात.

"सुनंदे, चल," आत्या म्हणाल्या. "तिसरं माणूस पायजे. भाभीचे मालक म्हणत्यात, दोघीच असाल तर न्हाई सोडायचो. तिघी असल्याशिवाय निघायचं न्हाई."

"आत्या, मला नाही जमायचं. मी काही टिकवत नाही, तुम्हाला माहितीये."

"टिकवायला कोन सांगतंय तुला? नुसती चाल. आन तोंड चालू ठेव. त्येवढं तुला जमतंयच."

मी गेले. आणि इथं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बडबडीला नोकरी लागली. शाळेत बडबडीसाठी मी बाकावर उभी राहिले. सासरी "सूनबाई जरा दम धरा" ऐकत आले. इथं कालव्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ऊस, आणि दोघी बायका मला सांगतायत, थांबू नको. मी टोमॅटोच्या करपा रोगावर बोलले, ऋतुजाच्या होस्टेलवर बोलले, एका विषयातून दुसऱ्यात उडी मारली आणि पहिला अर्धाच सोडला. कोणाची तक्रार नाही. "हिचा आवाज आयकला की वाघ पार आळेफाट्याला जाऊन बस पकडत आसंल," आत्या म्हणायच्या.

चांगलं उजाडल्यावरच निघायचो. कालव्यावर धुकं असायचं, कांद्याच्या पातीवर दव. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांपुढं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढं, चुली विझलेल्या असायच्या. त्या बायका आमच्या आधी भाकरी करून फडात गेलेल्या. एकदा कालव्याच्या ओल्या मातीत ताजा ठसा दिसला. बशीएवढा. भाभी जागीच थांबल्या, डोळे मिटून नवकार म्हणायला लागल्या.

"भाभी, देवाचं मागनं बघू. आदी काठी आपटा!" आत्या ओरडल्या.

"आत्या, आधी मंत्र पूर्ण होऊ द्या ना!"

"त्यो वाघ काय जैन हाय व्हय थांबायला?"

मी मात्र मिरचीच्या बोकड्या रोगावर बोलतच राहिले, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या रानात पाणी धरणाऱ्या माणसानं ओरडून विचारलं, "मग औषध कोनतं मारायचं, वैनी?" आम्ही परत फिरलो. तरी दुसऱ्या दिवशी तिघीही हजर. फक्त उसाची बाजू सोडून कांद्याच्या रानाकडचा मोकळा रस्ता धरला.

हे कसं झालं यावर मी पुष्कळ विचार केला. स्वतःसाठी उठायचं म्हटलं की माझ्या डोक्यात वकील उभा राहतो. काल झोप कमी झाली, आज गाडी यायचीय, उद्यापासून नक्की. पण मी गेले नाही तर आत्यांचे गुडघे घरात बसणार आणि भाभींचा बीपी दुकानात. तिथं वकिलाला बोलायलाच जागा नाही. शिवाय ठरवायचं काहीच नाही. किती वाजता, कुठं, कशासाठी, आज की उद्या, यातला एकही प्रश्न माझ्याकडे येत नव्हता. दारात आत्या खाकरल्या की निघायचं.

खाण्याचंही असंच हळूहळू बसलं. भाभी सूर्य मावळायच्या आत जेवतात. त्यांचा धर्म आहे, माझा नाही. पण थंडीत वाघाच्या धाकानं दिवेलागणीला गाव दारं लावायचं, रोपवाटिकेतल्या बायाही उजेडातच घरी जायच्या, मग मी म्हटलं, आपणही तेव्हाच जेवून टाकू. "अगं, एवढ्या लवकर तर आपण पाहुण्यालाही वाढत नाही," ह्यांनी कुरकुर केली. मी म्हणाले, "तुम्ही नंतर जेवा. पण आपापलं वाढून घ्या." दोन-चार दिवसांत तेही माझ्याबरोबर ताट घ्यायला लागले. जेवण झालं की ओटा धुवायचा आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद. उघडा ओटा दिसला की माझा हात डब्याकडे जातो. धुतलेला ओटा पुन्हा खराब करायचा मला कंटाळा येतो. स्वतःच्या कंटाळ्याचा असा उपयोग करून घेता येतो हे मला उशिरा कळलं.

फ्रीजही उलटा लावला. खालच्या कप्प्यात भाजी ठेवायची असते म्हणे. तिथं ठेवलेली मेथी मला तिचा लगदा झाल्यावरच आठवायची. जे डोळ्यांसमोर नाही ते माझ्या जगात नाही, हा माझा स्वभाव. मग भाज्या, मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी काचेच्या डब्यांतून पुढं आली, आणि लोणची, सॉस, मुलीनं आणलेली चॉकलेटं गेली खालच्या कप्प्यात, अंधारात. रोपवाटिकेत बाया जेवायला बसल्या की त्यांनी मलाही हात धरून बसवायचं, असं सांगून ठेवलं. ज्वारीची भाकरी, उसळ, कांदा, कधी मुळ्याचा पाला. रोज तेच. लोक म्हणतात, कंटाळा येत नाही का? येतो की. पण रोज नवं ठरवायला गेले तर मी भेळेपाशी पोचते. पाहुणे आले की मासवडी होते. तेव्हा मी हिशोब न करता खाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरीवर येते.

अशी थंडी चालली होती. ब्लाउज सैल झाले. ट्रेची चळत उचलताना तोंडातून जो हुंकार निघायचा तो बंद झाला. आणि एका सकाळी ओरडा झाला, वाघ धरला!

कालव्याजवळ पिंजरा लावलेला होताच. त्यात तो सापडला. गाव लोटलं. पोरांनी मोबाईल वर धरले, म्हाताऱ्यांनी हात जोडले. वनखात्याची गाडी आली आणि त्याला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात घेऊन गेली. बायकांच्या तोंडावर मोकळेपणा दिसत होता. तो मलाही वाटला, लेकराबाळांचं गाव आहे. पण पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. सगळ्या गावात वाघ गेल्याचं वाईट वाटणारी मी एकटीच असणार.

कारण पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी भाभींचा फोन आला, "ताई, आता काही भीती नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा जाऊ या ना." आत्या त्यांच्या वेळेनं जाऊन आल्या. मी म्हटलं, दुपारी जाते. दुपारी गेले नाही. संध्याकाळी उजेड लांबला होता, जेवणही लांबलं. फाट्यावरून वडापाव आला. आठवडा कसा गेला कळलं नाही. हे एका सकाळी टॉवेल टाकायला सायकलीपाशी गेले आणि म्हणाले, "संपलं का चालणं?" त्या आवाजात रागही नव्हता. सवय होती. तेच मला लागलं.

त्या दिवशी मी एका शेतकऱ्याच्या टोमॅटोच्या प्लॉटवर गेले होते, आमच्याच रोपांचा. गड्यांचं तार-बांबू बांधायचं काम चाललं होतं. बघता बघता मनात आलं, टोमॅटोचं झाड स्वतःच्या बळावर उभं राहत नाही. आधार दिला नाही तर जमिनीवर पडतं, फळ सडतं. म्हणून दर हंगामाला बांबू रोवतो, तार ओढतो, सुतळी बांधतो. याला कोणी झाडाचा आळस म्हणत नाही. बांबू मोडला तर शेतकरी झाडाला शिव्या देत बसत नाही, दुसरा बांबू आणतो. माझा बांबू माणिकडोहला गेला होता, एवढंच झालं होतं.

परत येताना घरी न जाता मी आत्यांकडे गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्या, उद्यापासून पुन्हा तिघी जायचं. ठरल्या वेळेला."

"का गं? वाघ तर नेला."

"वाघासाठी नाही. माझ्यासाठी चला. मला एकटीला जमत नाही. डोक्याचा आजारच आहे तसा, डॉक्टरांनी सांगितलंय, त्याची गोळी चालू आहे. मी काही येरवड्याला नेण्याइतकी वेडी नाही झाले, पण कोणी दारात आल्याशिवाय माझं पाऊल निघत नाही. आणि नाही निघालं तर आईसारखे माझे डोळे जातील."

हे मी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. डोक्याची गोळी म्हटलं की लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. आत्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"मंजे इतके दिस तू आमच्यासाठी येत न्हवतीस?"

"तुमच्यासाठीच येत होते. म्हणून तर जमलं."

"आन मी समजत व्हते, आमी तुझ्या कामाची खोटी करतोय. तुझं रोपांचं येवढं काम, तरी बिचारी येतीय." त्यांनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "भाभीला मी सांगते. आजार असू दे न्हाईतर अजून काय, उद्या बारीक तोंड करून येऊ नको. बोलायचं लई साठलं आसंल तुझं."

दुसऱ्या दिवशी भाभी आल्या त्या हातात सुक्या खाकऱ्यांची पिशवी घेऊन. "भूक विसरता ना तुम्ही? शेडमध्ये डोळ्यांसमोर टांगून ठेवा," म्हणाल्या. दुसरं काही विचारलं नाही.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गळीत संपलं, ऊसतोडीवाले आपल्या गावांना गेले, ऊन तापलं. मी तपासायला गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. साखर हद्दीच्या आत आली होती. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "बोलत चालले." त्यांना ते विनोदाचं वाटलं. मला नाही. त्याच उन्हाळ्यात माहेरच्या माणसांबरोबर आहुप्याला गेले, देवराईतून वर कड्यापर्यंत चढले आणि माझ्या धाकट्या भावाला दम लागला म्हणून त्याच्यासाठी थांबले. असं थांबण्यात फार सुख आहे.

तेव्हापासून सलग चालू आहे असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत सुटतं, टोमॅटोच्या रोपांच्या धांदलीत सुटतं, एकदा तर नुसतं सुटलं, कारणच नव्हतं. पण पूर्वी सुटलं की संपायचं. आता सुटतं आणि पुन्हा धरलं जातं. मला अभिमान आहे तो या पुन्हा धरण्याचा. सुरुवाती तर मी आयुष्यभर केल्या. पण त्याच एका गोष्टीकडे इतक्या वेळा परत आले ते हे पहिल्यांदाच.

या वर्षी ऊस तुटायला लागला तसे नवे ठसे दिसल्याची बातमी आली. आता आमच्यात बऱ्याच जणी आहेत. परवा पलीकडच्या घरातली सून, प्राजक्ता, माझ्यापाशी आली. बाळंतपणानंतर वजन वाढलंय, घरात मन लागत नाही. म्हणाली, "काकू, येऊ का मी? पण आधीच सांगते, मी कायच टिकवत नाही. दोन दिवसांत सोडून देते."

"सोड की," मी म्हणाले. "मी पण सोडते."

दोन दिवस आली. आज आली नाही. बाकीच्यांना मी रस्त्यावर थांबवलं आणि तिच्या दारात गेले. आतून आवाज आला, "काकू, आज नको. रात्री बाळानं झोपू दिलं नाही. तुम्ही जावा पुढं."

"बरं," म्हणाले आणि दाराबाहेरच्या ओट्यावर बसले.

थोड्या वेळानं तिनं खिडकीतून पाहिलं. "गेला नाहीत?"

"नाही. मी बसलेय. तुझी सासू बाळाला बघेल, मी तिला मघाशी अंगणातच विचारलंय. खरंच झोपायचं असेल तर झोप, मी उद्या येईन."

आत भांड्याचा आवाज झाला, सासू काहीतरी बोलली. रस्त्यावरून आत्यांनी हाक मारली, "सुनंदे, येतीया का न्हाई ती? ऊन डोक्यावर आलं!" मी हातानंच थांबा म्हणून खूण केली. मग दार उघडलं आणि प्राजक्ता बाहेर आली. केस तसेच, ओढणी उलटी, एका पायात चप्पल, दुसरी हातात. डोळ्यांवर झोप. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज येते. उद्याचं सांगत नाही."

"उद्याचं कोण विचारतंय," मी म्हणाले, आणि तिला काठी दिली.